गुरुबळ

लश्करात कोहरा उतरलाय.
समोरच्या गच्चीवरची टाकीसुद्धा पुसट.
अशा रात्री तारे धड दिसत नाहीत,
पण हवा थांबलेली असते,
आणि गुरूला तेवढंच लागतं.
लखलखीत रात्री तो हलत राहतो
तापत्या दुधावरच्या सायीसारखा.
आज गप्प बसलाय.

आधी लावला नानांचा मोठा कॅमेरा.
दौलतगंजातल्या स्टुडिओचा शेवटचा, हप्त्यांवर घेतलेला,
पट्ट्यावर अजून कुणाच्या तरी हळदीचा डाग.
चोवीस मेगापिक्सेलचं काळं अंगण
आणि त्यात गुरू
अक्षतेच्या दाण्याएवढा,
कुणाच्याच डोक्यापर्यंत न पोचलेला.

मग हा दुसरा.
भोपाळच्या एका पोराकडून जुना घेतला, निम्म्या किमतीत.
लाल डबी. पडदा नाही, बटण नाही,
लॅपटॉपच्या वायरीवर जगते.
सेन्सर माझ्या करंगळीच्या नखाएवढा,
त्यात वरात सोडा, एक नवरी मावायची नाही.
गुरू मावतो. पट्ट्यांसकट.
सेकंदाला दीडशे वेळा.
रंगाची मात्र अक्कल नाही तिला,
आधी हिरवाच दाखवते, बटाट्याच्या कोंबासारखा,
मग समजूत घालत बसायचं.
मोठ्याला रंग न सांगता कळतात.

नाना वर आले, कानटोपी, हातात गजकचा तुकडा.
"किती काढलेस?"
"एका मिनिटात नऊ हजार."
"ठेवणार किती?"
"नऊशे. ते एकावर एक रचायचे,
मग त्यांचा एक होतो."
बराच वेळ चावत राहिले.
छत्तीसच्या रोलमधून अडतीस काढायचे ते,
श्वास धरून, एकेक.
अंतरपाट एकदाच खाली येतो.
"म्हणजे आठ हजार शंभरांत डोळे मिटलेले.
असा पोरगा मी दुसऱ्या दिवशी घरी बसवला असता."

तरी वाकले स्क्रीनवर.
मुरार, शिवपुरी, पार झाशीपर्यंत लग्नं काढली त्यांनी,
दर मांडवात कुणीतरी म्हणायचंच, गुरुबळ चांगलंय,
आणि हा वरती होता,
यांची मान कधी वर गेली नाही.

"हा काळा ठिपका? धूळ आहे. सेन्सर साफ कर."
"सावली आहे, नाना. आयोची. त्याच्या चंद्राची."
"धूळ आहे."
खाली गेले. बत्तीस पायऱ्या, त्या गुडघ्यांनी.
स्टुडिओतला रबरी फुगा घेऊन परत वर.
मी डबी काढून दिली.
फुस, फुस.
पुन्हा लावली, पुन्हा फोकस,
बोटं गारठून लाकूड झालेली.

ठिपका होता.
फक्त मघाशी कडेला होता,
आता पट्ट्यावर आत सरकलेला.

नानांनी फुगा खिशात टाकला.
पाण्याच्या टाकीशेजारची खुर्ची ओढली.
"चालू ठेव ते," म्हणाले,
आणि गजकचा उरलेला तुकडा
माझ्याकडे न बघता
पुढे केला.