प्रमाण मिनिटं

कुपवाडच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडमध्ये,
फळ्यावर रोज सकाळी मी एक आकडा लिहिते.
काल ८२. परवा ७७.
शेठ, म्हणजे अण्णासो मगदूम, चहाआधी तो बघतात,
घरात कुणाचा ताप बघावा तसा.

आधी म्हणे सोपं होतं. नग मोजायचे.
मग ज्याला त्याला बुशच हवे झाले,
अंगठ्याएवढे, फटाफट निघणारे,
आणि साखर कारखान्याचा गिअर कोपऱ्यात बसून राहिला
लग्न न ठरलेल्या थोरल्या भावासारखा.
मग वजन धरलं. तर गिअरवर उड्या पडल्या,
बुशला कुणी हात लावेना.
मग रुपये धरले.
पितळेचा भाव चढला त्या महिन्यात
आम्ही सगळेच कामसू ठरलो,
बसल्या जागी.

मग मी आले. डिप्लोमा, गळ्यात स्टॉपवॉच.
बुश तीन मिनिटं, फ्लँज अकरा,
पंपाची बॉडी अठ्ठेचाळीस, गिअर एकशे चाळीस.
सेटिंग वेगळं.
प्रत्येक नग मिनिटांत मोडायचा, नोट मोडतात तसा,
सगळी चिल्लर एका गल्ल्यात,
भागिले हजर माणसांची मिनिटं.
हळद आणि बेदाणा मी एका काट्यावर चढवून दाखवला.
शेठनी पगार पाचशेनं वाढवला.

बाबा मार्केट यार्डात हमाल होते.
त्यांचा हिशेब पोत्याचा. पोतं म्हणजे पोतं.
तरी रात्री पाठीला तेल चोळून घेताना म्हणायचे,
नव्या हळदीचं जड लागतं गं.
मी तेव्हा सातवीत. म्हणायची, काट्यावर सारखंच भरतं की.
म्हणायचे, काट्याला कुठं पाठ असते.

चार नंबरचा लेथ बाबालाल नदाफचा.
माझा आकडा तिथं येऊन लंगडतो.
त्याच्याकडे जातात ते सगळे एकुलते एक नग,
ज्यांचं ड्रॉइंग हरवलंय, ज्यांचं मशीनच आता कुणी बनवत नाही.
माझ्या वहीत त्यांची मिनिटं नाहीत.
तिथं मी अंदाज धरते.
अंदाज कुणाचा आणि घाम कुणाचा, हे फळ्यावर दिसत नाही.

जानेवारी. गळीत हंगाम ऐन भरात.
चारच्या सुमाराला पिकअप आली,
गोणपाटात गुंडाळलेली तुटकी कॉलर घेऊन.
कारखाना उभा, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग पार रस्त्यापर्यंत.
बाबालालनं तुकडा हातात घेतला
आणि काही केलं नाही.
अकरा मिनिटं. मी मोजली.
लेथ बंद, चक रिकामा.
तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला,
एकदा उजेडात धरला, एकदा नाकाला लावला.
शेठ काचेतून बघत होते, मला की त्याला, कळलं नाही.

माझ्या वहीत रकाने चार:
चालू, सेटिंग, बिघाड, रिकामा.
"चाचा, काय करत होता?"
"बघत हुतो."
"काय?"
"कुठनं तुटलंय त्ये."

सातला पिकअप गेली. पहिलाच नग बसला
असा फोन रात्री आला म्हणे.
मी आधी 'रिकामा' लिहिलं. खोडलं.
'सेटिंग' लिहिलं. सेटिंगला प्रमाण सहा मिनिटांचं.
उरलेली पाच अजून त्या पानाच्या कडेला आहेत,
पेन्सिलीत.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर: शेड ७४, चार नंबर ४१.
शेठचा चहा निवला. बोलले काही नाहीत.
बाबालाल तंबाखू मळत माझ्याजवळ थांबला,
फळ्याकडे पाठ करून.
"बाई, तुमचं किती टक्के?"
आणि हसत गेला.
मी खरंच हिशेब करायला बसले होते. वही उघडली,
भागाकारात वर काय लिहायचं, तिथंच अडले.

घरी आले तर बाबा जागे.
यार्ड सुटून सहा वर्षं झाली, सवय सुटली नाही.
"किती झाली गं आज?"
पोती म्हणायचं असतं त्यांना.
"एक," म्हटलं मी,
आणि तेलाची वाटी जवळ ओढली.