बर्फ धरणारी

सुई मॅडम टोचतात. मी बर्फ धरते.
वाशी, सेक्टर सतरा, तिसरा मजला,
खाली चष्म्यांचं दुकान, वर सीएचे क्लास.
सहा वर्षांत किती गाल गार केले
त्याचा हिशेब नाही.
बोटांची टोकं मात्र रात्री
कणीक मळतानासुद्धा बधिर असतात.

आधी पांढरी पेन्सिल.
मॅडम म्हणतात, रागवा. बाई रागावते.
दचका. दचकते.
आता हसा, दात दाखवून.
जिथे कातडी दुमडते तिथे ठिपका,
रांगोळीला देतो तसा,
फक्त हे ठिपके कुणी जोडत नाही.

आपल्याकडे चेहरा पडतो, उतरतो, खुलतो, काळवंडतो.
आमच्या दरपत्रकात प्रत्येकाची वेगळी ओळ आहे.
भुवयांमधल्या दोन उभ्या रेघांना
आम्ही आपसात अकरा म्हणतो.
उद्या चार वाजता एक अकरा आहे गं.
अकराला सवलत नाही.

ठोसरबाई अकरा घेऊन आल्या गेल्या पौषात.
सानपाड्याच्या. बँकेत, कर्जाच्या टेबलावर.
"लोकांना वाटतं मी सारखी चिडलेली असते.
मी चिडलेली नसते हो, मी फक्त..."
पुढचं त्यांनी सोडून दिलं.
सोबत मुलगी, चार्वी, बारा वर्षांची.
ऐकू येत नाही, पण हात क्षणभर गप्प नाहीत.
आई हातांनीच उत्तरं देत होती,
हातांनी आणि कपाळाने.

हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.
कपाळ दिसलं की मला युनिटं दिसतात.
अकराला वीस,
वरच्या आडव्या तिघींना दहा.
"काही दुखलं नाही," त्या म्हणाल्या.
सगळ्याच म्हणतात.
मुठी उघडायला वेळ लागतो, एवढंच.

पंधरा दिवसांनी तपासणीला आल्या.
कपाळ कसं, तर भरती संपून
ओहोटी अजून सुरू न झालेल्या खाडीसारखं.
मॅडम खूश. फोटो काढले.
बाहेर सोफ्यावर मायलेकींचं काहीतरी बिनसलं.
आईचे हात चालू होते. मुलगी बघत राहिली,
मग उठली, आणि दोन अंगठ्यांनी
आईच्या भुवया वर ढकलल्या,
धरून ठेवल्या,
सोडल्या.
त्या खाली आल्या.
मुलीने माझ्याकडे पाहिलं.
माझ्या हातात बर्फाची पिशवी होती,
ती मी का कोण जाणे पाठीमागे नेली.

"भुवई वर गेली तर प्रश्न," ठोसरबाई म्हणाल्या,
"नाही गेली तर नुसतंच विधान.
मी विचारते, जेवलीस?
हिला दिसतं, जेवलीस.
पंधरा दिवस हिला वाटतंय
मी सगळं परस्पर ठरवून टाकते."
हसल्या. ओठांनी.

ह्याला उतारा नाही. तीन-चार महिने,
मॅडम म्हणाल्या, आपोआप जातं.

तेवढे दिवस कसे काढले मला ठाऊक नाही.
चार्वीने एक खूण शोधली होती म्हणे,
गालाशी बोट आकड्यासारखं वाकवायचं,
ते आईचं प्रश्नचिन्ह.
शाळेतल्या बाई हसल्या,
तरी घरात तेच चाललं.

वैशाखात दार ढकलून आल्या
त्या भुवया वर करूनच.
आडव्या रेघा तीन, मी मोजल्या.
मला वाटलं, दाखवायला आल्या असतील, आता जातील.
"कपाळाला हात लावू नका," मॅडमना म्हणाल्या,
"हे हनुवटीखालचं काय करता येईल?
फोटोत फार लोंबतं."
मॅडमनी पेन्सिलला टोक केलं.

मी बर्फ आणायला उठले.
फ्रीजपाशी चार्वी उभी.
तिने माझ्या बोटांकडे बोट केलं,
मग हात काहीतरी बोलले, भुवया उंच.
मला खुणा येत नाहीत.
बर्फ हवाय, की
तुला गार लागत नाही का, की आणखी काही.
मी आपल्या माझ्या भुवया वर केल्या.
तिने मान हलवली, असं नाही,
आणि पुन्हा विचारलं,
सावकाश.