उणे बावीस

कुर्ल्याच्या गॅरेजात कॅरॅव्हॅन आली जानेवारीत,
पोटातली नळी उभी चिरलेली.
काझात उणे बावीस होतं म्हणे,
टाकी रिकामी करायची राहिली.
चांदणं फार होतं हो, बाई म्हणाल्या.

मला बर्फ ठाऊक तो भाऊच्या धक्क्यावरचा,
गोणपाटातला, बांगड्याच्या वासाचा.
बाबा टोच्याने फोडायचे,
मग बोटं चहाच्या ग्लासाला लावून गप्प.
पाणी गोठताना फुगतं
हे कधी बोलले नाहीत.
त्यांच्याकडे ते गोठूनच यायचं.

नळी बदलली. सांधे बघायला
रात्री आतच झोपलो.
बाहेर सोळा अंश,
कानटोपीतला तिवारी खोकी जाळतोय.
गादीखाली एक लोकरी मोजा सापडला,
एकच.
हात घातला त्यात.

पहाटेपर्यंत
थेंबही गळला नाही.