पाणी जोखणं

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी
सकाळी साडेसातला, गंजक्या पुलाखाली, आम्ही पाच जण.
गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, एक जाळी, अकरा बाटल्या,
शिंप्याच्या टेपसारखा एमेटच्या गळ्यात थर्मामीटर,
आणि विल्मा क्रायचेकची कॉफी.
ती नसती तर जानेवारीत कुणी आलं नसतं,
ओढ्याची माया वगैरे सगळं नंतरचं.

टॅनर्स फोर्क. लांबी पावणेसात मैल.
वरच्या अंगाला कोळशाची बंद खाण,
तिच्या तोंडातून अजून गळतं नारिंगी पाणी,
दगडांवर धरते गंजाची साय.
माझा बाप त्याच तोंडातून आत जायचा.
तो केव्हाच थांबला. खाण थांबलेली नाही.
त्यानं खणलेल्या अंधारातून आलेलं पाणी
मी बाटलीत भरते, वर तारीख घालते.

पेन्सिलीनं. शाई भिजली की पसरते,
हे डेलियानं शिकवलं. वय सतरा.
दगड उलटा करून पोटाखालचा किडा
ती शेपटीवरून ओळखते:
दोन दोरे, तर बरं चाललंय,
नुसत्या लालसर अळ्या, तर नाही.

चुनखडीचं तळं बांधल्यापासून
सामू चार, साडेचार, मग सहाला टेकला.
दोन शेपट्यांचा पहिला जीव जाळीत आला
तेव्हा एमेटनं टोपी काढली,
चर्चमध्ये काढतो तशी.

आणि मग ऑगस्टात, तिसऱ्या ठाण्यावर,
थाळीभर निळे ठिपके.
मोजताना मी दोनदा चुकले.
"गाई," कुणीतरी म्हणालं. एमेटचा चेहरा उतरला,
त्यानं तर गेल्याच वर्षी काठाला कुंपण घातलेलं.
गाई नव्हत्या. तीन आठवडे पाऊसही नव्हता.
कुठेतरी पाणी मुरत होतं.

आम्ही काठाकाठानं वर निघालो,
दर शंभर पावलांवर एक बाटली.
डेलिया पुढे, विल्मा थर्मास घेऊन शेवटी,
आणि तिची चाल मंदावत गेली.
ते मी पाहिलं. पाहिलं नाही असं केलं.

ब्लॅकबेरीच्या काट्यांमागे एक पाइप,
भाजक्या मातीचा, तिच्या सासऱ्यानं घातलेला.
वर तिचं घर. दोरीवर उशांचे अभ्रे वाळत होते.

कुणी बोललं नाही. ओढा बोलत होता, त्याला काय.
माणसाचा ओढा माणसाकडे,
ओढ्याचा उताराकडे;
तो कुणाची भीड ठेवत नाही.

पेन्सिल माझ्या हातात, टोक कागदावर टेकलेलं.
तक्त्यात एक रकाना आहे: नमुना बाद.
बाटली सांडली म्हणता येतं.
नवी टाकी म्हणजे अकरा हजार डॉलर,
आणि विल्मा शाळेच्या खानावळीत ताटं विसळते.

ती काठावर बसली, बूट काढले.
"लिही," म्हणाली. "घर क्रमांकही घाल.
दोन वर्षं न्हाणीतून गुडगुड येतेय.
मला वाटलं, जमीन पिऊन टाकेल."
मग कॉफी ओतली. पाच कप.
तिच्या विहिरीचं पाणी असेल का यात, हे मनात आलं,
आलं नाही असं कसं म्हणू.
प्यायले.

ऑक्टोबरात एमेटनं शेतातलं खोदयंत्र आणलं.
चर्चच्या तळघरात पॅनकेक विकून
सात हजार जमले. चार अजून बाकी.
दोन घरांनी आमच्याशी बोलणं सोडलंय,
त्यांच्याही मागे काटे वाढलेत, बहुतेक.

नोव्हेंबर. ठाणे तीन. पाणी सहा अंश.
निळे ठिपके: एकोणीस.
अळ्या लालसर, पुष्कळ.
एक वेगळा जीव. शेपट्या दोन, की तीन?
थंडीनं थाळी हलत होती.
पुन्हा पाहणे.