सांधा

तांबट लेनमध्ये दुपारी ठोकठोक थांबते
ती हिरामणमामाच्या खोकल्यापुरती.
मुंबई नाक्यावरून आणलेला रिपोर्ट
कढईखाली दाबलाय, उडू नये म्हणून.

'सोपं करून सांग. शिकलीस ना एवढं?'

पेशीत आरएनएचे धागे असतात, मामा.
काम झालं की टोकाकडून कुरतडले जातात.
हा एक मात्र स्वतःचीच शेपटी धरून बसतो.
टोकच नाही, कुरतडणार कुठून?
वाढीला लगाम घालणारे बारके आरएनए
फडक्यानं पाणी टिपावं तसे टिपून घेतो,
आणि गाठ मोकाट.
(सगळीच वर्तुळं वाईट नसतात, हेही सांगते.
त्याचं लक्ष नसतं.)

हंड्याचं कडं उचलून
तो अंगठा फिरवत राहतो, सावकाश.
'कडं म्हटलं की जोड आला.
कितीही घासा, बोटाला लागतोच.
तुझ्या त्या कड्याचा सांधा कुठंय?'

पुण्याच्या लॅबमध्ये आम्ही तेच तर शोधतो,
टोकं उलटी जुळली ती जागा.
तिथं नेमकं पकडलं तर तुटतं.
अजून फक्त काचेच्या बशीत, आणि उंदरांत.

हे शेवटचं मी बोलले नाही.

मामानं हातोडी घेतली.
पाच ठोके. खोकला.
चार.