कारणे द्या

वाशी, सेक्टर पंधरा. रात्रीचं कॉलेज, दुसरा मजला.
सव्वाआठच्या तासाला तीन पंख्यांपैकी एक फिरतो
आणि मी फळ्यावर आल्प्स काढते.
खडूने बर्फ काढणं सोपं जातं.

राजा चौथा, पोप सातवा. नावं लिहून घ्या.
भांडण अंगठीचं आणि काठीचं :
बिशपच्या हातात ती ठेवायची कोणी,
ज्याची जमीन त्याने, की ज्याचा देव त्याने?
राजा म्हणाला, ऊठ गादीवरून.
पोपने राजालाच वाळीत टाकलं.

वाळीत म्हणजे काय, ते समजवावं लागलं नाही.
मागच्या बाकांवर ऐरोलीपासून उरणपर्यंतची गावं बसलेली.

मग जानेवारी, डोंगरावरचा किल्ला, बंद दरवाजा,
बाहेर राजा. अंगात खरखरीत लोकर, पाय उघडे.
एक दिवस. दोन. तीन.

हरेश्वर भोपी हात वर न करताच बोलला.
तो तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मटाराच्या गोणी लावतो,
उणे अठरा.
"वीस मिन्टा, मॅडम. जॅकेट, दोन मोजे, गमबूट.
एकविसाव्या मिन्टाला बोटा आपली र्‍हात नाय.
न् यो तीन दिस अनवानी?
आतून कोनतरी गरम काय देत असंल त्याला."
वर्ग हसला. मीही.
कोणी काय दिलं, हे पुस्तकात नव्हतं.

आज सहामाहीचा गठ्ठा. त्याचा पेपर वर आला.
प्रश्न तिसरा, ब : राजाने पोपची माफी मागितली. कारणे द्या.
चार ओळींची जागा. तो पुरवणीवर गेलाय.

*राजाला थंडी वाजत होती, पण अडचण आतल्याची होती.*
*दारात उभा राहिलेल्याला पुजारी नाही म्हणू शकत नाही.*
*आमच्या गावदेवीच्या देवळाची किल्ली माझ्या वडिलांच्या कमरेला असायची.*
*नगरसेवकाने ट्रस्ट काढला, पावतीपुस्तके छापली,*
*पगारी पुजारी आणला.*
*वडिलांनी कुलूप उघडले नाही. गाव वडिलांकडून राहिले.*
*त्याच्या मुलीच्या हळदीला हजार माणसांचे जेवण होते,*
*मांडवात फक्त बँजोवाले.*

*मग निवडणूक लागली.*
*तो सकाळी आला. गाडी नाक्यावर, चपला गाडीत, हातात नारळ.*
*वडील आतून तीनदा म्हणाले, नंतर ये.*
*तो पायरीवर बसून राहिला. लोकांनी फोटो काढले.*
*शेवटी वडिलांनी नारळ घेतला.*
*नारळ घेतल्यावर भोप्याकडे काय उरते?*

शेवटची ओळ दोनदा अधोरेखित, पट्टी न लावता.

नमुना उत्तरात मुद्दे चार :
सरदारांचं बंड, वर्षाची मुदत, मुकुट जाण्याची भीती,
आणि पश्चात्ताप, कंसात "काहींच्या मते".
याच्या उत्तरात यातलं काहीच नाही.

त्या दिवशी घंटा झाली म्हणून माझं सांगायचं राहिलं होतं,
की सात वर्षांनी तोच राजा फौज घेऊन रोममध्ये शिरला,
आपला पोप बसवला,
आणि माफ करणारा म्हातारा दक्षिणेकडे,
परक्या गावात, परक्या अंथरुणावर गेला.
हे मी शिकवलेलं नाही.
तरी पुरवणीच्या मागच्या बाजूला :

*दोन वर्षांनी कुलूप बदलले.*
*वडील आता करंजाड्याला बहिणीकडे असतात, चौथा मजला.*
*सातला, आरतीच्या वेळी, उठून उभे राहतात.*
*हात कमरेला जातो.*
*मग बसतात.*

मी चौकटीत एक लिहिते. खोडते.
खोडलं की शेजारी सही लागते, नियम आहे.
सही करते. तीन लिहिते.
बराच वेळ पेनाचं टोपण शोधते, ते पेनालाच मागे लावलेलं.
पुन्हा खोडते.