मानशीची दारं

रायबंदरच्या जेटीवर सकाळी साडेनऊला
एका मुलाने वहीत नावं उतरवली.
वय, वजन, पोहता येतं का.
वजन मी पाच किलो कमी सांगितलं.
पोहण्याचं विचारलं तेव्हा म्हटलं,
श्वास घेता येतो का, तेही लिही बाबा.
त्याने ‘हो’ एवढंच लिहिलं
आणि नारिंगी जाकीट हातात दिलं.

मांडवी सोडून बोट कुंभारजुव्याच्या कालव्यात वळली
तसा वारा पडला.
दोन्हीकडून कांदळ सरसावून आली,
गुडघ्यापर्यंत चिखलात उभी,
लग्नघरी मागच्या दाराशी थांबलेल्या बायकांसारखी.
गंजक्या बार्जी काठाला लागलेल्या.
एकीच्या नाळेवर पाणकावळा
पंख वाळत घालून बसलेला.

कायतान माहिती सांगत होता माईकवरून,
माईकची गरज नसताना.
इंजिन बंद केलं की
खेकडे बिळात शिरताना होणारी
ती चुटुक-चुटुकही ऐकू येत होती.

मग मगर.
आ वासून पडलेली, उन्हाला दात दाखवत.
सगळे एका कडेला धावले, बोट कलली,
कायतान ओरडला, परत बसा, परत बसा.
साताऱ्याहून आलेल्या जोडप्याची मुलगी म्हणाली,
ही मातीची आहे ना?
सगळे हसले.

मी नाही हसले.
पौषातल्या अवसेला आपा बांधावर
मातीची मगर थापायचे.
पाठीवर तिसऱ्यांच्या शिंपल्या खवले म्हणून,
काड्यांचे दात.
शेपटी माझ्याकडे असायची,
माझ्या हातून ती नेहमी वाकडी व्हायची.
असू दे, म्हणायचे, वळताना तिला बरी पडेल.
वर्षभर बांध राख, पोरांना राख,
एवढंच मागणं.
खऱ्या मगरी पलीकडच्या काठावर
ऊन खात पडलेल्या असायच्या.
त्यांनी ऐकलं असेल, नसेल.

‘यापुढे वस्ती नाही,’ कायतान म्हणाला,
‘आता फक्त निसर्ग.’

आणि तीच आमची मानस.
जांभ्या दगडाचे दोन खांब,
मध्ये दोन दारं होती लाकडाची.
भरती आली की आपोआप मिटायची,
ओहोटीला आपोआप उघडायची.
कुणी ओढायला नको, ढकलायला नको.
आई म्हणायची, तुझा बापूस तसाच,
बाहेरून जोर आला की बंद.
रात्री दोनला ते कंदील घेऊन मानशीच्या तोंडाला जाळं लावायला जायचे,
पहाटे काळुंदरांचा वास
पायऱ्यांवर त्यांच्याआधी पोचायचा.

आता एकच दार आहे, तेही बिजागरीला लोंबतंय.
खारं पाणी विचारत नाही कुणाला.
जिथे कोरगुट पिकायचं,
जिथे मी बगळे हाकायला डबा वाजवायचे,
तिथे कांदळ. दाट. हिरवीगार.
दुर्बीणवाले गृहस्थ म्हणाले, वा,
काय राखलंय हो हे रान!

सांगावं असं वाटलं.
तोंड उघडलंसुद्धा.
पण त्यांच्या चेहऱ्यावर इतका खरा आनंद होता
आणि खंड्या त्याच क्षणी पाण्यात पडला, निळा,
माशासकट वर आला,
मग मीही बघतच राहिले.
खोटं कशाला बोलू, सुंदर होतं ते.
शेत होतं तेव्हा इतकं सुंदर नव्हतं.
तेव्हा पाठ दुखायची.

जेवणात सुंगटांची किसमूर, सोलकढी.
साताऱ्याच्या बाईंनी विचारलं, ही कशी करतात?
मी बराच वेळ सांगत बसले,
नारळ किती, कोकम किती भिजवायचं.

परतीला ओहोटी लागली होती.
मानशीजवळून जाताना कायतानने
का कोण जाणे, बोट हळू केली.
ते एकटं दार
पाण्याबरोबर उघडलं,
बाजूला काहीच नसताना
पूर्ण उघडून थांबलं.

ती मुलगी माझ्या जाकिटाची दोरी
बोटाला गुंडाळून झोपली होती.
मी हललेच नाही जेटी येईपर्यंत.